माझ्यानंतर घरात आलेली सासू

सासू नसलेल्या घरात पडतेयस, नशीब काढलंस, असं माझ्या मैत्रिणी माझ्या लग्नात म्हणाल्या होत्या. मीही मनातून खूश होते, खोटं कशाला बोलू. नवऱ्याची आई तो शाळेत असतानाच गेलेली. घरात फक्त सासरे, बस चालवणारे, स्वभावाने अगदी गाय. लग्नानंतर आम्ही दोघं परदेशात आलो, मुलगी झाली, निवृत्त झाल्यावर सासरे इकडे राहायला आले, आणि सासूविना संसाराची मला इतकी सवय झाली की इतरांच्या सासवांच्या कागाळ्या मी चहाबरोबर चवीने ऐकायचे. अशातच, माझेच केस पिकायला लागल्यावर, मला सासू आली. जगात सासू सुनेला घरात घेते. आमच्याकडे सून विमानतळावर सासूची बॅग ओढायला गेली.

झालं असं की सासरे पेन्शनच्या कामासाठी म्हणून तिकडे गेले आणि लग्न करून आले. परतल्यावर पहिल्याच जेवणाला, ताटातून मान वर न करता, त्यांनी सांगितलं की नोंदणी कार्यालयात सही केली आहे, इकडचे कागद झाले की ती येईल. माझ्या नवऱ्याने विचारलं, कोण? ते म्हणाले, बाई. बाई म्हणजे कोण हे माझ्या नवऱ्याला सांगावं लागलं नाही. त्याचा घास हातातच राहिला. सांगावं लागलं ते मला.

सासरे ज्या बसवर ड्रायव्हर, त्याच बसवर या कंडक्टर. एकाच मार्गावर वर्षानुवर्षं दोघांची जोडी. जोडी म्हणजे काय, यांचं तोंड रस्त्याकडे आणि त्यांचं तिकिटांकडे. बोलणं सगळं घंटीवर. एक दिली की थांब, दोन दिल्या की चल. फुकट जाणाऱ्याला भर गर्दीत सरळ करणारी बाई म्हणून त्या मार्गावर त्यांचा दरारा होता. धाकट्या भावंडांची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं. एवढी साधी गोष्ट, पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? एकटी बाई, त्यात बोलकी, त्यात रोज त्याच ड्रायव्हरबरोबर. माझ्या नवऱ्याची आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून गल्लीत कुजबुज होती, आणि शाळेतली पोरं त्याला बघून तोंडाने घंटी वाजवायची. हे त्याने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्या जेवणानंतर सांगितलं.

माझा नवरा वाईट माणूस नाही. लिफ्ट दुरुस्त करतो. स्वतः वर-खाली जाऊन पाहिल्याशिवाय लिफ्ट नीट असल्याच्या कागदावर सही करत नाही, मग साहेब कितीही ओरडो. असला माणूस नवरा म्हणून चांगला असतो, पण रुसला की भिंत.

कागद व्हायला वेळ लागला आणि तेवढ्यात सासऱ्यांची मूत्रपिंडं गेली. दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. सगळ्यांना वाटलं, आता कसली बायको येतेय. पण त्या आल्या. डोक्यावर करड्या केसांचा अंबाडा, खांद्यावर कामावरची जुनी चामडी पिशवी, आणि मला पाहिल्यावर पहिलं वाक्य, “सूनबाई, तुम्ही माझ्याआधी आलात, तेव्हा घरातलं काय कुठे ते तुम्हीच सांगायचं.” मी तिथल्या तिथे गारद झाले.

इथला नियम असा, की अशा बायकोला आधी तात्पुरता परवाना मिळतो. त्या मुदतीत लग्न खरं आहे हे परवाना देणाऱ्या कार्यालयाला पटवायचं. पटलं तर कायमचा मुक्काम, नाही तर आल्या पावली परत. आणि परत म्हणजे कायमचं परत, कारण मशीन सोडून सासरे त्यांच्या मागे जाऊ शकत नव्हते, आणि सासऱ्यांकडे किती वर्षं उरली आहेत हे डॉक्टरही सांगत नव्हते. ग्रंथालयात परदेशी लोकांना फुकट सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई बसतात. त्यांनी पुरावे काढायला सांगितले. बँकेचं खातं दोघांच्या नावावर झालं, फोनचं बिल झालं. घोडं अडलं फोटोंवर. लग्नाचा एकही फोटो नाही. या वयात फोटो काय काढायचे, म्हणून काढलेच नव्हते. मग मी दोघांना बागेत नेलं. जवळ या म्हटलं की दोघं बोटभर सरकायचे. सासऱ्यांचे हात पाठीमागे, सासूबाईंची नजर थेट कॅमेऱ्यात. फोटो बघून वकीलबाई म्हणाल्या की हे निरोप समारंभाचे दिसतात.

बाकी सासूबाई इकडे रुळल्या कशा म्हणाल, तर बसमधून. इथल्या बसला कंडक्टर नाही, हे कळल्यावर त्यांना मनापासून वाईट वाटलं. पुढे सरका म्हणणारं कोणी नाही म्हणून तर सगळे दारात मुंग्यांसारखे चिकटतात, असं त्यांचं मत. त्या स्वतःच म्हणायला लागल्या. आधी हाताने, मग ग्रंथालयातल्या वर्गात जाऊन शिकलेल्या भाषेत. सासऱ्यांना दवाखान्यात त्या बसने न्यायच्या आणि बसनेच आणायच्या. परतताना ते गळून गेलेले असायचे आणि खिडकीची जागा रिकामी करून घेणं हे सासूबाईंचं काम. चुकीचं बोलायच्या, पण मागे हटायच्या नाहीत. माझ्यासाठी कोणी दुसऱ्याने बोलायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं, तोंड माझं आहे.

घरात मात्र त्या जपून असायच्या. माझा नवरा त्यांच्याशी बोलायचाच नाही. मीठ हवं असेल तर मुलीला म्हणायचा, आजीला सांग. त्याही त्याला अहो-जाहो करायच्या, पाहुण्याला करतात तसं. आणि झोपायचं असं होतं की दोन खोल्यांपैकी एक आमची, एक मुलीची. सासरे पूर्वीपासून बाहेरच्या सोफ्यावर झोपायचे, सासूबाईंनी मुलीच्या खोलीत गादी घातली. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. मुलगा-सून पलीकडे असताना म्हाताऱ्यांनी एक खोली मागायची म्हणजे केवढी लाज.

तपासणीला कार्यालयातून एक तरुणी आली. गोड बोलली, पाणी प्याली, घर बघितलं. सोफ्यावर एक उशी, मुलीच्या खोलीत दुसरी. तिने विचारलं, तुम्ही वेगळे झोपता? सासरे कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले की नात अंधाराला घाबरते म्हणून. आमची कन्या तिथेच उभी होती. ती म्हणाली, मी नाही घाबरत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आमच्याकडे जी मर्यादा, ती त्या तरुणीच्या कागदावर लबाडी होऊन गेली, आणि थोड्याच दिवसांत पत्र आलं. लग्न केवळ परवान्यासाठी झाल्याचा संशय आहे, सर्वांनी मुलाखतीला यावं, समाधान न झाल्यास देश सोडावा लागेल.

सासऱ्यांनी तर हायच खाल्ली. मशीन गेलं खड्ड्यात, मीही तुझ्याबरोबर येतो, असं म्हणायला लागले. सासूबाईंनी त्यांना एकदाच झापलं, पण असं की पुन्हा तो विषय निघाला नाही. मरायला सोबत नकोय मला, म्हणाल्या, जगायला हवीय. मग त्यांनी वर्गातल्या शिक्षिकेकडून उत्तरं घटवून घेतली. भांडी घासतानाही पुटपुटायच्या.

वकीलबाई म्हणाल्या, आता एकच गोष्ट वजनाची ठरेल, ती म्हणजे घरातल्या मुलाचा जबाब. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, जे पाहिलंय ते लिहीन, आणि मी काय पाहिलंय? दोन उशा. मी भडकले. जे तुझ्यामुळे झालं तेच तू पुरावा म्हणून दाखवतोस, असं तोंडावर म्हटलं. भांडण वाढलं तसा तो एकदम खाली बसला आणि हळूच म्हणाला, “आई असल्यापासून होतं का गं हे?” मी म्हटलं, मला काय विचारतोस, त्यांना विचार. त्याने विचारलं नाही. जबाबाचा कागद तसाच कोरा राहिला.

मुलाखतीला आम्ही चौघं गेलो. खोली लहान, टेबल, पाच खुर्च्या, खिडकीला पट्ट्यांचा पडदा. अधिकारी वयस्क, चेहऱ्यावर काही न दाखवणारा. दुभाषी हवा का विचारलं, तर सासूबाईंनी नको म्हणून हात हलवला. आधी सोपं होतं. औषधं कधी घेतात, कुठल्या कुशीवर झोपतात. एकमेकांना काय म्हणता? त्यांनी सांगितलं, मी ड्रायव्हर म्हणते, ते बाई म्हणतात. मग त्याने विचारलं की माणूस एवढा आजारी आहे हे माहीत असताना तुम्ही का आलात? व्याकरणाचा पार चुराडा करत, पण ठणठणीत आवाजात, त्यांनी सांगितलं की आजार कळला तेव्हा यांनी फोनवर सांगितलं होतं, येऊ नकोस. म्हणून आले.

अधिकाऱ्याने पान उलटलं. दोघांच्या नोकरीचे दाखले त्याच्यापुढे होते, एकच डेपो, तीच वर्षं. त्याने विचारलं, यांची पहिली पत्नी हयात असताना तुमचे संबंध होते?

सासरे खाली बघायला लागले. सासूबाई त्या परक्या भाषेत शब्द शोधत होत्या, ओठ हलत होते. मग त्यांनी तो नाद सोडला आणि खुर्ची वळवून माझ्या नवऱ्याकडे तोंड केलं.

“हे तुला सांगते, तू त्याला सांग,” त्या मराठीत म्हणाल्या. त्याला तू म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. “तुझी आई यांना डबा द्यायची, त्यात माझं वेगळं पुडकं असायचं. एकटी आहे, उपाशी ड्युटी करते म्हणून. अंथरुणावर पडली तरी तिने ते थांबवलं नाही, शेजारणीकडून करून घ्यायची. तिचं मीठ खाल्लंय मी. ती असताना मी तुझ्या बापाकडे तशा नजरेने पाहिलं नाही. ती गेल्यावरही पाहिलं नाही, कारण तू होतास, आणि लोक तुला काय बोलतात ते मला माहीत होतं. आता तू मोठा झालास. आता मी कोणाला भिऊन परत जाऊ?”

अधिकारी माझ्या नवऱ्याकडे बघत होता. नवऱ्याने सांगायला सुरुवात केली, एकेक वाक्य, काही न गाळता. मिठापाशी अडखळला, त्या भाषेत तसं म्हणत नाहीत. तो म्हणाला, माझ्या आईने यांना जेवू घातलं होतं. अधिकाऱ्याने विचारलं, तुमचा यावर विश्वास आहे? तो म्हणाला, पुडकं मी पाहिलंय. रोज सकाळी आईजवळ बसून त्याला दोरा मीच बांधायचो, कोणाचं ते कधी विचारलं नाही.

“मग ते वेगळे का झोपतात?”

“खोली मी दिली नाही,” माझा नवरा म्हणाला. “त्यांनी मागितली नाही, कारण मी दिली नसती. हे तुमच्या कागदावर लिहा. चूक माझी आहे, त्यांच्या लग्नाची नाही.”

अधिकाऱ्याने लिहिलं. निर्णय टपालाने कळेल म्हणाला.

वकीलबाईंनी फोनवर सल्ला दिला की आता लगेच दोघांना एका खोलीत घाला, पुन्हा तपासणी होऊ शकते. मी गादी उचललीही होती. सासूबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि होती तिथे घातली. देखावा करायचा नाही, म्हणाल्या, खऱ्याला सोंग लागत नाही. माझा नवरा दारात उभा राहून ऐकत होता. पत्र येईपर्यंतचे ते आठवडे कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. दाराच्या पेटीत काही पडलं की सासऱ्यांचा हात छातीवर जायचा.

पत्र आलं ते सासूबाईंनी स्वतः फोडलं आणि बोट ठेवून ठेवून स्वतः वाचलं. कायमचा मुक्काम मंजूर. सासरे लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. मी मुलीला घेऊन नाचले. माझा नवरा उठून आमच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने बघते तर आमचे कपडे कपाटातून बाहेर, आमच्या उशा बाहेर, आणि हा पलंगावर नवी चादर घालतोय. मला विचारण्याची वगैरे पद्धत आमच्या घरात नाहीच.

“आता कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “कागद तर आला.”

“कागदासाठी नाही,” तो म्हणाला आणि चादरीची कोपऱ्यातली सुरकुती काढत राहिला.

सासूबाई सासऱ्यांच्या कोपराला धरून म्हणाल्या, चला ड्रायव्हर. सासरे मुलाकडे बघत, लाजत, अंग चोरत आत गेले. आणि सासूबाईंनी भर दुपारी, आमच्या सगळ्यांच्या देखत, दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचाही आवाज आला.

मुलीने विचारलं, आजी-आजोबा काय करताहेत? माझा नवरा म्हणाला, आराम करताहेत, आवाज करू नकोस. एवढं बोलून तो सोफ्यावर बसला आणि तोंड हातात घेऊन ढसाढसा रडला. आई गेली तेव्हा रडला नव्हता म्हणे, लोक बघत होते म्हणून. मी मुलीला बाहेर खेळायला पाठवलं आणि त्याच्याजवळ जाऊन बसले.