मावशीनं आडात ओतलेलं मीठ

सुभद्रामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीत शाळेत निघालो होतो. काविळीनं गेली. दीड महिना झाला, दुःख जरा निवलं, राग मात्र निवायला तयार नाही. पाण्यामुळंच गेली असं कुणी डॉक्टर लिहून देणार नाही. मला कागद नको, मी तिच्या घरचं पाणी प्यायलो आहे.

ही आईच्या पाठची बहीण. सेनगाव तालुक्यातल्या तिच्या गावात, आमच्या बौद्ध वस्तीच्या तोंडाशी एक जुना आड. नव्वदच्या सुमारास शेजारी हातपंप आला आणि आड ओस पडला. पुढं स्वच्छ गावाची तपासणी येणार म्हणून गल्ल्यांतला चिखल हटवायचं ठरलं. उपाय काय, तर वरच्या आळीतल्या घरोघरच्या मोरीचं पाणी पाइपानं त्या आडात सोडलं. गल्ल्या कोरड्या ठणठणीत, तपासणीवाले खूश. आडातलं पाणी मुरत राहिलं आणि वर्षभरात पंपाच्या पाण्याला साबणाचा वास यायला लागला...

मावशी ग्रामसभेत उभी राहिली. "सरपंच, तुमची मोरी आमच्या हंड्यात येऊन राहिली."

सरपंच हसले. "बाई, जमीन गाळून देती समदं. तुमी काहून तकलीफ घेता?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडंच होतो. तिनं खडेमिठाचं अख्खं पोतं आणलं आणि आडात ओतलं. मी म्हणालो, "मावशी, डोकं फिरलं का तुझं?" ती म्हणाली, "गुरुजी झालास न्हवं? मंग बघ जरा." पाचव्या दिवशी पंपाचं पाणी खारट. दुसऱ्या कुठल्या गावानं त्याच दिवशी पाइप तोडले असते. या गावच्या शहाण्यांनी तिलाच चावडीवर बोलावलं, पाणी नासवलं म्हणून. एवढ्या घरांचं खरकटं, लेकरांच्या लंगोटांचं धुणं वर्षभर त्यात मुरलं, तेव्हा पाणी नासलं नव्हतं. आमच्या वस्तीतल्या बाईच्या हातचं मीठ पडलं आणि नासलं. याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे.

तिनं माफी मागितली नाही. त्या दिवसापासून शेतातल्या विहिरीवरून हंडा आणायची, गुडघे चालत होते तोवर. शेवटची दोन वर्षं मात्र पंपाचंच पाणी प्याली. दुसरं आणणार कोण?

मावशी गेल्यावरच्या जलदान विधीला तेच सरपंच आले, आता माजी. "बाई मोठी धाडसाची," असं चारचौघांत बोलले. मी त्यांच्यापुढं पाण्याचा पेला धरला. त्यांनी हात आडवा केला.

"पंपाचं असंल तर नको, गुरुजी. आमच्या घरी कुणी पीत न्हाई ते."

"कधीपासून?"

ते खाली बघून म्हणाले, "मिठाच्या त्या सालापासून."

पेला माझ्या हातात तसाच राहिला. बाहेर वरच्या आळीचं पाणी आडात पडत होतं.