शेडातली ‘अवो’

भिमाजीकाकांनी चांगुणाकाकीला पत्र्याच्या शेडात कोंडून ठेवलंय, ही बातमी रतनबाईंनी हापशावर सोडली. डोळे मोठे आणि आवाज बारीक करून; म्हणजे चार वस्त्यांना ऐकू जाईल इतपतच बारीक. “बाई गं, दिस उगवला की शेडातून हाक येती. अवो... अवो... अवो... निस्तं येवढंच! पुढचं बोलायचं त्रान बी ऱ्हायलं न्हाई बघ बिचारीला. मग उन्हं वर आली की भांडती दिसभर, अन् सांजच्याला गप!”

दिवसभराचं भांडण तेच ते होतं. पण काकींचं भांडण एरवीही तेच ते असायचं, त्यामुळं कुणाला शंका आली नाही.

खरं वेगळंच होतं. काकी पहिल्या एसटीनं कोपरगावला गेल्या होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. शेडात होता तो फक्त त्यांचा आवाज.

भिमाजीकाकांचा देह पारनेरच्या बाजारात बैल दाबून धरणाऱ्याचा. आवाज मात्र वयात येताना फुटायचा राहून गेलेला. फोनवर कंपनीच्या पोरी त्यांना ‘मॅडम’ म्हणायच्या आणि काका ती चूक दुरुस्त न करता फोन ठेवून द्यायचे. ग्रामसभेत त्यांनी आजवर हात वर केला नव्हता. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायचं काम काकींचं. माळ्यावर उभं राहून त्यांनी एकदा ‘हाऽऽ हूऽऽ’ केलं की शेजारच्या रानातली पाखरंसुद्धा उठायची. काका एकदाच ओरडले होते. चिमण्यांनी मान वळवून बघितलं आणि परत कणसात चोच घातली. बांधावरून कुणीतरी हसलं. ते हसू काका अजून विसरले नव्हते.

म्हणून काकी जायच्या आदल्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याच्या गाडीवर असतो तसला भोंगा आणला, आवाज भरून ठेवायचा. जोडीला चार्जिंगचे सेल आणि पाटीएवढी सोलरची प्लेट. वस्तीवर दिवसा लाईट असेलच असं नाही. ऊन मात्र फुकट आणि भरपूर. काकींच्या तोंडापुढं भोंगा धरून त्यांनी बटन दाबलं. काकींनी पाखरांना हाकलावं एवढीच अपेक्षा होती. काकी म्हणाल्या, “अवो, ह्ये काय धरलंय माझ्या तोंडाम्होरं? ज्वारी पाखरांनी खाल्ली, अन् तुमी खुशाल खेळनी आना! हाऽऽ हूऽऽ! चिमन्यांना बी तुमचं भ्या न्हाई, भोंगं घेऊन फिरत्यात!”

दुसऱ्यांदा बोला, असं म्हणायचं काकांना धाडस झालं नाही. तेच भरलेलं राहिलं.

भोंगा त्यांनी रानाच्या कडेच्या शेडाच्या वळचणीला लपवला, प्लेट पत्र्यावर टाकली, वायर कडब्याआडून नेली आणि दाराला कुलूप घातलं. बटन चालू-बंद करताना कुणी बघेल, बायकोच्या जिवावर रान राखतो म्हणेल, या धाकानं बटन त्यांनी कायमचं चालूच ठेवलं. घोटाळा तिथंच झाला. संध्याकाळपर्यंत सेल उतरायचे आणि काकी गप व्हायच्या. सकाळी कोवळं ऊन प्लेटवर पडलं की सेलात जेमतेम धुगधुगी यायची, भोंगा ‘अवो’ म्हणायचा, तेवढ्यात जीव संपायचा, पुन्हा पहिल्यापासून ‘अवो’. ऊन तापल्यावर गाडी पुढं जायची. काका तोवर मान खाली घालून दूर विहिरीकडं जाऊन बसायचे.

बातमी कोपरगावच्या रस्त्याला लागायच्या आत काकींच्या भावाला, बिभीषणमामांना कळली. मामा फोनबिन न करता सकाळीच मोटरसायकलवर हजर. मागोमाग अर्धी आळी.

“दाजी, शेड उघडा.”

काकांनी खिशात किल्ली चाचपली, काढली नाही. सांगावं तर सगळ्यांसमोर सांगावं लागणार, तेही त्या आवाजात. न सांगावं तर बायको कोंडणारा म्हणून नाव. दोन्हीतलं कुठलं वाईट हे त्यांना ठरवता येईना.

“दाजी, मी इचारतोय गोडीत. आक्का कुठंय?”

ऊन पत्र्यावर आलं. “अवो...” वळचणीतून हाक आली. “अवो... अवो...”

“आक्का! आलो गं!” म्हणत मामांनी दाराला खांदा दिला. कडी तुटली. आत कडबा, एक फवारणीचा पंप आणि व्यायलेली मांजर. मामांनी वर बघितलं, वायर ओढली आणि भोंगा त्यांच्या हातात आला. ऊन तापलं तसा तो सगळं बोलला, थेट ‘चिमन्यांना बी तुमचं भ्या न्हाई’पर्यंत. आळी हसून लोळली. काका जमिनीकडं बघत उभे. मामांनी तिथूनच बहिणीला फोन लावून भोंग्यापुढं धरला.

दुसऱ्या दिवशी काकी एसटीतून उतरल्या. आता काय होतंय म्हणून लोक बांधावर जमले. काकी पिशवी न ठेवता, मामांनी परत वळचणीला अडकवलेल्या भोंग्याखाली उभ्या राहिल्या आणि स्वतःला शेवटपर्यंत ऐकलं. पदर तोंडावर गेला.

“आसं बोलते व्हय मी?” त्या म्हणाल्या. हळू. इतक्या हळू त्यांना कुणीच ऐकलं नव्हतं.

काकांना भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आपली लाज झाकायला आपण हिची चव्हाट्यावर मांडली. ते सेल काढायला धावले.

“सेल ऱ्हाऊ द्या. आवाज बदला,” काकी म्हणाल्या. “तुमचा भरा.”

काकांनी जोरजोरात मान हलवली.

बांधावर शेजारच्या वस्तीवरची सुकन्या होती. अकरावीला, गावात कुणाचाही आवाज काढणारी. ही हकीकतही तिनंच लिहिलीय. ती काकांच्याच बारीक आवाजात म्हणाली, “काका, तुमच्या वरडन्यानं एक जरी चिमनी उडाली ना, तर जन्मात तुमची नक्कल करनार न्हाई. लागली पैज!”

लोक हसले. काकी हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली, आणि स्वतःही फिरवली. मागं आवाज भरायचं बटन वाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल भरल्यावर काका सगळ्यांदेखत शेडापाशी गेले. पाखरं इतके दिवस तोच दम ऐकून इतकी सरावली होती, की दोन-चार तर वळचणीलाच पंख खाजवत बसली होती. काकांनी बटन स्वतःच्या हातानं दाबलं. कान मात्र लाल झाले होते. असला चिरका, अनोळखी आवाज भोंग्यातून त्या पाखरांनी कधी ऐकला नव्हता. अख्खा थवा भर्रकन उठला आणि पार ओढ्यापल्याड गेला.

रतनबाई, बिभीषणमामा, काकी, सगळे वर आपापल्या तोंडानं बोललेत. भिमाजीकाकांचं एकही वाक्य त्यांच्या आवाजात लिहिलेलं नाही. सुकन्या पैज हरली आहे.