सोबतचा माणूस नसेल तर

ऑफिसात त्यांना सगळे शंकासुर म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट कोणी सरळ नावाने हाक मारली तर ते मान वर करत नसत. वेबसाइटचा कोड तपासणं हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांनी एक प्रोग्रॅम बसवला होता, त्याला ते 'मास्तर' म्हणत. मास्तर कोड चालवून बघत नसे, नुसता वाचायचा आणि वाचता वाचता भांडण उकरून काढायचा. या फंक्शनने तारीख देईन म्हणून कबूल केलंय आणि देतंय भलतंच. इथे पेशंट हवा होता, तुम्ही डॉक्टर पाठवलात. चुकीखाली मास्तरने मारलेली लाल ओळ दिसली की शंकासुरांचा चेहरा फुलायचा. दुसऱ्याच्या घरी जेवताना भातात खडा सापडलेल्या खवचट पाहुण्यासारखा.

बाकीच्यांना मास्तरचा जाच होई. मग कोणीतरी युक्ती काढली. लाल ओळीच्या डोक्यावर 'इथे तपासू नये' असा शेरा मारायचा, की मास्तर तेवढ्यापुरता गप्प. याला ऑफिसात 'पट्टी लावणं' म्हणत. कोणाची पट्टी सापडली की शंकासुरांचा पारा चढे. "अहो, ताप आला तर औषध घ्याल की थर्मामीटर फोडाल?" हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. ते तोंड उघडत आणि समोरचाच ते पुरं करून मोकळा होई.

गृहस्थ एकटेच राहायचे. बहिणीचा फोन आला की "सगळं उत्तम" म्हणून ठेवून द्यायचे. अलीकडे स्क्रीनवरची अक्षरं त्यांनी इतकी मोठी करून घेतली होती, की दुकानाची पाटी वाचतोय असं वाटावं. कोणी चिडवलं तर म्हणत, "लहान अक्षरात चुका लपतात." मोतीबिंदू पिकलाय, आता ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी केव्हाच बजावलं होतं. पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

अशात ऑफिसला नेमकं एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या वेबसाइटचं काम मिळालं. पेशंटला ऑपरेशनची वेळ घरबसल्या ठरवता यावी, अशी ती साइट. काम संपत आलं, टीमच्या प्रमुख बाई कोडवर शेवटची नजर फिरवत होत्या, आणि त्यांना एक पट्टी दिसली. कोणाची म्हणून पाहतात तर शंकासुरांची.

बाईंना हसू आवरेना. खुर्ची ओढून त्या शंकासुरांच्या शेजारी बसल्या. "काय हो, कुंपणानेच शेत खाल्लं?"

शंकासुर चष्मा पुसू लागले.

बाईंनी पट्टी काढली. मास्तर लगेच ओरडला: पेशंटच्या सोबतच्या माणसाचा फोन नंबर मागताय, पण सोबतचा माणूस नसूही शकतो.

"बरोबर तर म्हणतोय. दुरुस्त का नाही केलंत?"

"दवाखान्याचा नियम आहे, ऑपरेशननंतर घरी न्यायला कोणीतरी हवंच. सोबत कोणी नाही असा पेशंट नसतोच."

"आणि हे तुम्ही म्हणताय? 'नसतोच' म्हणणाऱ्याला तुम्ही दिवसभर फैलावर घेता!" बाईंनी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "चालवूनच बघू. टाका पेशंट म्हणून तुमचंच नाव."

बाईंनी हे गमतीत म्हटलं होतं. शंकासुरांनी नाव भरलं, वय भरलं. कोणता डोळा? आधी डावा. किती दिवसांपासून अंधुक दिसतंय, रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात का, सगळं न अडखळता भरलं. सोबतच्या माणसाचा चौकोन रिकामा ठेवून त्यांनी बटण दाबलं. साइट कोलमडली, पान पांढरंफटक पडलं.

"बघा!" म्हणायला बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. समोरच्या भल्यामोठ्या अक्षरांकडे त्यांचं लक्ष गेलं. आपणही त्यांची थट्टा केली होती, हे आठवून त्यांना लाज वाटली.

"तुमच्या ताईला नाही का बोलवायचं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"तिचे गुडघे गेलेत. स्वतःचा जिना उतरवत नाही तिला." शंकासुर स्क्रीनकडेच बघत होते. "दुरुस्ती सोपी होती हो. कोणी नसेल तर काय करायचं, एवढंच तिथे लिहायचं होतं. मला ते सुचेना."

बाईंनी मागे जाऊन भरलेला फॉर्म पुन्हा उघडला. मग त्या रिकाम्या चौकोनात त्यांनी स्वतःचं नाव आणि नंबर टाकला. पुढे नातं विचारलं होतं. यादीत नवरा-बायको होते, आई-वडील, मुलं, भावंडं होती. बाईंना लागू पडेल असं एकही नव्हतं. त्यांनी सरळ कोड उघडून नात्याच्या जागी 'सहकारी' लिहिलं. मास्तर पुन्हा ओरडला: असं नातं मला ठाऊक नाही.

"असं मधेच घुसडून कसं चालेल!" शंकासुर एकदम ताठ बसले. "आधी यादीत रीतसर जागा करायला हवी." त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला, नात्यांच्या यादीत 'सहकारी' घातलं. मग खाली, कोणीच नसेल तर दवाखान्याचा मदतनीस हवा का असं विचारावं, हेही त्यांच्या हातून आपसूक लिहून झालं.

"दवाखान्याशी मी बोलते," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला न्यायला मीच येणार. फक्त गाडीत ते थर्मामीटरचं वाक्य ऐकवायचं नाही."

मास्तरने सगळा कोड वाचून काढला. एकही लाल ओळ आली नाही. शंकासुरांनी तरी तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

"अहो, आता कसली शंका?"

"शंका नाही," शंकासुर म्हणाले. "बरं वाटतंय बघायला."