गोविंदभाऊ आणि डोंग्याची खाच

जंगलखात्याच्या डेपोत दोन गोष्टींच्या थप्प्या लागतात. एक सागवानाची, दुसरी किश्श्यांची. सागवानाचा निदान लिलाव होतो, किस्से मात्र साचतच जातात! एकोणीसशे पन्नासनंतरच्या काळात मी सावली गावाकडच्या एका डेपोत कारकून होतो. तिथले निम्मे किस्से एकट्या गोविंदभाऊंचे. भाऊ आमचे नाकेदार, म्हणजे जंगलाचे राखणदार. माणूस देवासारखा, देह मात्र दोन देवांचा!

*

भाऊंची लेक वैनगंगेपलीकडे दिलेली. पूल नव्हता. भरल्या नदीत सोमाचा डोंगाच काय तो आधार, झाडाचं खोड कोरून केलेला. त्याच्या कडेला सोमाने एक खाच पाडली होती. पाणी खाचेला लागलं की जो शेवटी बसला त्याने उतरायचं. मग तो पाटील असो की साहेब!

लेकीचं दुसरं बाळंतपण सासरी झालं, ऐन श्रावणात. मुलगा झाला. भाऊ झबलं-टोपडं घेऊन घाटावर गेले, डोंग्यात बसले, खाच बुडाली. उतरले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. तर सोमा, पुढे वल्हं मारणारा त्याचा मेहुणा आणि भाऊ, एवढ्यातच खाच पाण्याखाली!

सोमा म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. पन तुमाले घेऊन मी पूर वलांडत नाई."

नदीची वाळू उघडी पडली तेव्हा कुठे भाऊ चालत पलीकडे गेले. तोवर पोरगं बसायला लागलं होतं, आणि आजोबांना पाहून ते भोकाड पसरून रडलं. भाऊंना ते फार लागलं. पुढच्या श्रावणात नातवाच्या वाढदिवसाला डोंग्यातूनच जायचं, असं त्यांनी ठरवलं.

*

काशीबाईंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, घरात भात बंद केला. धानाच्या मुलखात भात बंद म्हणजे माणसाला वाळीतच टाकणं! पहिल्या दिवशी ज्वारीची भाकर पुढे आली. भाऊ मुकाट्याने जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "नाष्टा चांगला झाला. आता जेवाले वाढ!"

*

कोणीतरी सांगितलं, पायी चाला. भाऊंनी सायकल टांगून ठेवली. पण त्यांच्या वाटेवर गोंडांची गावं. पाहुणा दारावरून तसाच गेला तर घरधनी मनाला लावून घेतो. एका घरी आंबील, दुसऱ्या घरी मोहाचे लाडू, पुढे मध. भाऊ डेपोत हिरडा तोलायच्या काट्यावर चढले, तर वजन वाढलेलं!

"चालून वजन उतरते म्हनते," भाऊ म्हणाले, "पन या रस्त्यानं नाई!"

मग त्यांनीच तोड काढली. ज्या घरी आंबील, त्या घरची लाकडं आधी फोडून द्यायची. वजन उतरू लागलं. सगळी गावंही खूष!

*

होळीनंतर मात्र काटा अडकला, हलेचना. भाऊ खचले. "जाऊ द्या. पोरगं मोठं झालं का तेच येईन भेटाले," असं म्हणाले, तेव्हा आम्हालाच भरून आलं. आम्ही शपथ घेतली, भाऊ पलीकडे जाईपर्यंत डेपोत भजी बंद!

दोन दिवस कसेबसे गेले. मग एकेक जण गुपचूप सागवानाच्या थप्पीमागे सरकला. पाहतो तर अख्खी कचेरी तिथेच, मध्ये भज्यांचा पुडा! तेवढ्यात भाऊ आले. आम्ही चोरासारखे उभे.

"खा, खा," भाऊ म्हणाले. "मी या बाजूले बसतो. फकस्त वास तिकडंच ठेवा!"

त्यानंतर कुणाच्या घशाखाली भजी उतरली नाहीत. भाऊ पुन्हा काट्यावर चढू लागले.

*

श्रावण आला. आम्ही सगळे घाटावर. भाऊ शेवटी बसले. सोमाने वाकून पाहिलं. खाच कोरडी! काशीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. डोंगा पलीकडे टेकेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

तिकडे लेकीने बापाला पाहिलं आणि रडायलाच लागली. "बाबा, केवढे वाळले! आई जेवाले देत नाई का?" मग काय! आठ दिवस भात, पुरण, तूप. आणि नातू आजोबांच्या मांडीवरून उतरायला तयार नाही.

परतीच्या दिवशी भाऊ आधी बसले, मागून एक म्हातारबुवा शेवटी. सोमाने खाच पाहिली. मग भाऊंकडे पाहिलं. मग पुन्हा खाच पाहिली.

"बुवा," तो म्हणाला, "तुमी पुढच्या खेपेले या."

भाऊ लगबगीने उठले. "त्याइले काऊन उतरवतं रे? मीच उतरतो ना! लेक रात्री वडे करून राह्यली!"