वळणावरचा नमस्कार

रसायनीत टँकर चालवणाऱ्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात मी नोकरीला होतो. टँकरच्या केबिनमध्ये कॅमेरे बसले तेव्हा मालकांनी पेढे वाटले. ड्रायव्हरचे डोळे मिटले की गाडीत भोंगा वाजायचा आणि माझ्या पडद्यावर त्याचा चेहरा लाल चौकटीत यायचा. मग मी फोन करून त्याला गाडी बाजूला घ्यायला लावायचो. माणसाला झोपू द्यायचं नाही आणि डोळे मिटले म्हणून त्यालाच झापायचं, अशी ती सोय होती.

माझा मोठा मावसभाऊ तिथेच टँकरवर होता. त्यानेच मला चिकटवलं होतं. लोधिवलीच्या वळणावर एक छोटं देऊळ आहे. तिथून जाताना आमचा प्रत्येक ड्रायव्हर एक हात कपाळाला लावून डोळे मिटायचा. यंत्राला ती झोप वाटायची. एकदा दादा ऑफिसात येऊन म्हणाला, "देवाच्या पाया पडताना तरी त्याला बोंबलू देऊ नको रं." मी खटपट करून त्या वळणापुरता भोंगा बंद करवला. सगळ्यांनी पाठ थोपटली आणि मी हुरळून गेलो. पडद्यावर चौकट मात्र यायची. नमस्कार चाललाय म्हणायचं आणि बटण दाबून ती घालवायची, एवढंच माझं काम उरलं.

त्या दुपारी दादा सोलापूरहून परत येत होता. आदल्या दिवसापासून तो गाडीवर होता आणि खोपोलीत तासभर पडू का, असं त्याने विचारलं तर मालक नको म्हणाले होते. वळणावर चौकट आली. नमस्काराला लागतो तेवढा वेळ गेला तरी ती हलेना. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, तेही मला दिसलं. तरी सवयीने मी बटण दाबलं.

टँकर झाडावर गेला. दादाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

'फोनवरून सूचना देऊनही चालकाने दुर्लक्ष केले,' असं अहवालात लिहिलं गेलं. खाली माझी सही आहे. माझा हात धरून कुणी ती करवून घेतली नाही. मला नोकरी टिकवायची होती. दादाला कामावरून काढलं.

महिन्याभराने मी कळंबला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं आणि समोर उभ्या राहिल्या.

"भाऊजी, खरं सांगा. फोन केला व्हता का तुमी?"

मी तोंड उघडायच्या आत दादाच बोलला, "केला असंल गं. मलाच झोपेत ऐकू आला नसंल. आपला मानूस हाय तो."

"दोनदा केला," मी म्हणालो.

"ऐकलंस?" दादा वहिनींना म्हणाला. "उगाच संशय घेत व्हतीस. माफी माग त्याची."

वहिनींनी माझी माफी मागितली.