शिगवण साहेब आणि मलावीचं कपाट

माझ्या शिक्षणाला काही अर्थ आला असेल, तर तो दत्ताराम शिगवण यांच्यामुळे आला. हे मी त्यांना तोंडावर एकदाच म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "कसला अर्थ आला ते आधी सांग. मग श्रेय घ्यायचं की नाही ते ठरवतो." साहेबांना ठोक विधान चालत नसे. त्यातही 'आफ्रिका' हा शब्द कोणी सैलपणे वापरला की त्यांच्या हातातला कप बशीवर यायचा. "आफ्रिकेत कुठं?" ते विचारायचे. समोरचा गोंधळला की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं: "रिक्षात बसून 'आशियात सोड' म्हणतोस का? मग? पत्ता सांग."

माझी मुलाखतही तशीच झाली. मी माणगावच्या कॉलेजातून भौतिकशास्त्रात पदवी घेतलेली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. वडील पेणकरपाड्यात एका सोसायटीत वॉचमन होते आणि तिथल्याच एका रहिवाशाने साहेबांच्या संस्थेचा पत्ता दिला होता. मी पाठ करून गेलो होतो, तसं म्हणालो, "सर, मला विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या माध्यमातून आफ्रिकेचा विकास करायचा आहे."

"सगळ्या?"

"हो सर."

"मग अल्जीरियाला उतर आणि खाली चालत सुट. केपटाऊन येईपर्यंत रिटायर होशील." असं म्हणून त्यांनी मला नोकरी दिली.

साहेब मूळचे गुहागरकडचे. तरुणपणी झांबियात एका तंत्रशाळेत लेथ मशीन शिकवायला गेले आणि बरीच वर्षं तिथे राहिले. परत आल्यावर त्यांनी भाईंदरजवळच्या सिल्व्हर पार्कमध्ये मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत संस्था काढली. तिच्या नावात विज्ञान, तंत्रज्ञान, विकास, सहकार्य असे सगळे शब्द होते आणि शेवटी 'आंतरराष्ट्रीय'ही होतं. बोर्ड जिन्यापेक्षा रुंद झाला होता. काम मात्र सरळ होतं. झांबिया, मलावी, टांझानियातले तंत्रशिक्षक इकडे येत, भाईंदरच्या कारखान्यांत हत्यारं हाताळत, लहान यंत्रं बनवायला शिकून परत जात. शेजारपाजारचे लोक आम्हाला व्हिसावाले समजत. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी दारात उभं राहून विचारायचं, "अंकल, कॅनडा का काम होता है?" साहेब म्हणायचे, "होता है, लेकिन हम लोगों को इधर बुलाते हैं." तो माणूस कीव केल्यासारखा बघून निघून जायचा.

देणगीदारांच्या भाषेवर साहेबांचा विशेष राग. 'क्षमताबांधणी' या शब्दाला ते 'बांधबंदिस्ती' म्हणत. आणि 'लाभार्थी' या शब्दाची त्यांची व्याख्या मला अजून तोंडपाठ आहे: "लाभार्थी म्हणजे, ज्याला लाभ झाला का हे कोणी विचारत नाही तो." हे सगळं बोलून झालं की आम्ही तेच शब्द घालून अहवाल लिहायचो. कारण शब्दांशिवाय पैसा येत नव्हता आणि साहेबांना भाडं भरायचं होतं.

आमचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे मासे सुकवायचं कपाट. ते पालीला जन्मलं. उत्तनजवळच्या या गावात बोंबलाच्या हंगामात जिकडे बघावं तिकडे बांबू रोवलेले आणि त्यांच्यात ताणलेल्या दोऱ्या. बायका दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. एवढं झपाट्याने, की बघणाऱ्याला वाटावं मासेच आपणहून हात धरून उभे आहेत. त्यांच्यावर वाळू उडते, माशा बसतात, कावळे टपलेले असतात. साहेबांनी तिथल्या मार्थामावशीच्या अंगणात उंच कपाट उभं केलं. वर पारदर्शक प्लास्टिक, मागे काळा रंगवलेला पत्रा, सोलरवर फिरणारा एक छोटा पंखा, आणि आत ओळीने दोऱ्या. मावशी आधी हसली. "साहेब, म्हावऱ्याला पंका? माज्या नवऱ्याला न्हाय दिला कोणी!" पण बोंबील स्वच्छ आणि पांढरेशुभ्र सुकले. बाजारात त्यांना भाव आला, आणि मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला कपाट उघडून दाखवू लागली.

एका मोठ्या कंपनीने ते बघितलं. तिच्या सामाजिक जबाबदारी विभागाच्या खन्ना मॅडम पालीला आल्या, कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "This is perfect for Africa." साहेबांनी पत्ता विचारला. पत्ता ठरला: मलावी, तिथल्या मोठ्या तलावाकाठची मासेमारीची गावं. तिथे ग्रेस म्वाले नावाच्या शिक्षिका होत्या. आमच्याकडेच शिकून गेलेल्या. खालच्या दुकानात "भैया, मीठा कम" एवढी हिंदी त्या व्यवस्थित बोलत. आम्ही त्यांना लांबलचक प्रश्नावली पाठवली. ऊन किती, वारा कुठून, दमटपणा किती, बायकांचे गट किती, मासे सुकवता का. त्यांनी सगळी उत्तरं दिली. मासे सुकवतो, हेही लिहिलं. पहिल्या टप्प्यातली कपाटं सुटी करून जहाजाने गेली. दुसऱ्या टप्प्यात आणखी कपाटं बसवायला आणि शिकवायला मी वर्षभर मलावीला जायचं ठरलं. वडिलांनी ही बातमी सोसायटीत आणि गावी इतकी फिरवली, की माणगावहून मला आधीच निरोपाचा नारळ आला.

मग एका दुपारी ग्रेसबाईंचा व्हिडिओ कॉल आला. पाठीमागे तलाव, शेजारी उभं केलेलं आमचं कपाट. त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या, "सर, कपाट फार सुंदर आहे. फक्त एक शंका आहे." त्यांनी तळहात कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर बोटाएवढे, चांदीसारखे मासे होते, मूठभर. "हे टांगायचे कुठून?"

मग त्यांनी कॅमेरा किनाऱ्याकडे वळवला. तिथल्या बायका हे बारके मासे मांडवावर पसरून सुकवत होत्या. आमच्या कपाटात पसरायला जागाच नव्हती, सगळ्या दोऱ्या. आम्ही ऊन विचारलं, वारा विचारला, कुठला मासा ते विचारलं नाही. कारण कपाट पालीचं, हंगाम बोंबलाचा, आणि आमच्यापैकी प्रत्येकाला वाटत होतं की मासा टांगला म्हणजेच सुकतो. "अरे, मी सुकट खाऊन वाढलो," साहेब फोन ठेवून म्हणाले. "आईनं जन्मभर अंगणात बारीक जवळा पसरला. आणि मी साऱ्या जगाला दोऱ्या पाठवतोय."

खरी अडचण पुढे होती. कंपनीचे मोठे साहेब ऑनलाइन बैठकीत पहिल्या टप्प्याचा आढावा घेणार होते. ते खूश झाले तर दुसरा टप्पा. म्हणजे ग्रेसबाईंच्या विद्यार्थ्यांना कार्यशाळा, संस्थेला भाडं आणि मला मलावी. खन्ना मॅडमनी तोडगा काढला. "कपाटं उभी राहिली आहेत ना? मग आमच्याकडे 'यशस्वी' दिसतंय. एखादा मोठा मासा टांगून फोटो घ्या." ग्रेसबाईही तयार झाल्या. "मोठा मासा आहे आमच्याकडे, चंबो. तो आम्ही ताजाच खातो. फोटोपुरता टांगते, मग शिजवते."

मी साहेबांना म्हणालो, "होऊ द्या ना फोटो. पुढच्या टप्प्यात आपण आत जाळीची ताटं बसवू. सगळ्यांचंच भलं होईल."

"पुढच्या टप्प्यासाठी आणखी दोऱ्यांचीच कपाटं मंजूर होतील, संतोष. फोटोत तीच चालताना दिसतायत."

"मग तेव्हा सांगू."

"तेव्हा आणखी मोठा मासा लागेल."

बैठकीला साहेब इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मोठ्या साहेबांनी अभिनंदन केलं, पंख्याचं कौतुक केलं आणि अनुभव विचारला. खन्ना मॅडम हसऱ्या चेहऱ्याने मान हलवत होत्या. शिगवण साहेब म्हणाले, "कपाट चांगलं आहे. मासा चुकला."

"म्हणजे?"

"म्हणजे मासा बरोबर आहे. आम्ही चुकलो." आणि त्यांनी सगळं सांगितलं. जबडे, दोऱ्या, तळहात. शेवटी म्हणाले, "ताटं तिथला सुतार करू शकेल. पैसे ग्रेसबाईंना द्या, आम्हाला नकोत." खन्ना मॅडमनी आपला कॅमेरा बंद केला; मला वाटलं नेट गेलं.

कंपनीने फार सुंदर भाषेत कळवलं, की या प्रकल्पातून बहुमोल शिकवण मिळाली. ती मिळाल्याबरोबर प्रकल्प बंद झाला. पैसे ग्रेसबाईंनाही गेले नाहीत. वर्षाच्या आत सिल्व्हर पार्कचं ऑफिस रिकामं झालं. आता तिथे खरोखरच व्हिसावाले बसतात आणि त्यांचा बोर्ड आमच्यापेक्षा लहान आहे. साहेब गुहागरला गेले. जाण्याआधी भाईंदरच्या एका स्टीलच्या कारखान्यात त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला. निघताना मी पाया पडलो, तर म्हणाले, "रागावलायस का?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "रागवायला हरकत नव्हती."

मागच्या आठवड्यात मी त्यांना हे पत्र पाठवलं. साहेब फोन उचलत नाहीत, पत्राला मात्र उत्तर देतात.

"आदरणीय साहेब,

सा. न. तब्येत बरी असेल. वडील आठवण काढतात. सोसायटीत अजूनही कोणीतरी त्यांना विचारतं, 'मुलगा कधी जातोय परदेशी?' आधी ते तुमच्यावर चिडायचे. आता म्हणतात, 'मुलाचे साहेब खरं बोलले म्हणून राहिलं.' हे ऐकणाऱ्याला काही कळत नाही, पण वडील ताठ उभे राहून सांगतात.

कारखान्यात ठीक चाललंय. कोणी ट्रेची ऑर्डर आणली की मी विचारतो, यात काय ठेवणार? मालक वैतागतात. 'तेरे को क्या करना है, बना ना!' पण दोनदा माप बदलावं लागलं आणि माल परत येण्याचं वाचलं, तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मला बोलावतात.

मुख्य बातमी ही, की ग्रेसबाईंच्या विद्यार्थ्यांनी कपाटातल्या दोऱ्या काढल्या. आत मच्छरदाणीच्या जाळीची ताटं सरकवली आहेत, एकावर एक, बाहेर ओढता येतात. तलावाकाठी ती वापरात आहेत. त्यांनी आराखडा मला पाठवला. मी तो पालीला मार्थामावशीला दाखवला. ती म्हणाली, 'ह्यात जवळा सुकंल की रं! बोंबील सरलं की कपाट उगाच उभा हाय.' तिच्यासाठी मी कारखान्यातल्या उरलेल्या जाळीची ताटं केली. जवळा चांगला सुकतोय. आता गावातल्या इतर बायकांनाही तसंच हवंय. मी एकट्याने शिकवणं जमणारं नाही, म्हणून ग्रेसबाईंना बोलावलं आहे. त्यांची संस्था त्यांना पाठवायला तयार आहे. म्हणजे मलावीहून तंत्रज्ञान येणार आणि पालीचा विकास होणार. अहवाल कोणी मागितला तर कुठल्या रकान्यात लिहायचं ते तुम्हीच सांगा.

तुम्ही यायलाच हवं. राहायची सोय मावशीकडे. ती तयारीला लागली आहे. परवा मला म्हणाली, 'त्या बाईला आदी इचार, ती कंचा म्हावरा खाते. मंगच आणीन.'

मी विचारलंय, साहेब. उत्तर आलं की कळवतो.

तुमचा,
संतोष"