ताईचा इंग्रजीचा पेपर

मी गाव सोडलं त्या सकाळी शेवंताताई मला पोचवायला स्टॉपवर आली नाही. नागपूरला नर्सिंगला माझा नंबर लागला होता. बाबांनी बॅग एसटीत चढवून दिली आणि एवढंच म्हणाले, "मांगं पाहू नोको बाई, समोर पाह्य." मी मागंच पाहिलं. रस्त्याला लागून असलेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाचा रोवणा, लावणी, चालू होता. गाडीचा आवाज ऐकून चिखलातल्या बाया उभ्या राहिल्या, त्यांनी हात हलवले. एक पाठ तेवढी वाकलेलीच राहिली. ती माझ्या मोठ्या बहिणीची होती.

आज मी इंग्लंडमध्ये, लीड्सच्या बाजूला, म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये काम करते. दर शिफ्टच्या शेवटी प्रत्येकाची नोंद लिहावी लागते. काय खाल्लं, किती चालले, कुठं दुखलं, आणि सगळं भूतकाळात. पहिल्याच महिन्यात मॅनेजरबाईंनी माझ्या नोंदी परत केल्या. आजोबा पडले, पडत होते, की गोळी द्यायच्या आधीच पडले होते? यावरून डॉक्टर उपचार ठरवतात, म्हणाल्या. पाहिलंस ते लिही, केलंस ते लिही, अंदाज लिहू नकोस. बाहेरदेशी आलेल्या तुमच्यातल्या कितीजणींवर ही वेळ आली असेल! बोलण्यात सगळं खपून जातं हो, कागदावर खपत नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि मग शिकले.

म्हणून मागच्या वर्षी ताईचा फोन आला तेव्हा मला आधी हसू आलं. "सुमे, मले तो इंग्रजीतला भूतकाळ शिकव वं."

ताई गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. सेविका व्हायचं तर शिक्षण लागतं, आणि तिची शाळा नववीतच सुटलेली. चाळिशीला टेकल्यावर तिनं बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. बाकीचे विषय निघाले, इंग्रजी दोनदा राहिलं. आता ही शेवटची खेप, असं तिनंच ठरवलं होतं. "अविस्मरणीय दिवस" असला काही निबंध हमखास येतो, आणि तिथंच तिची गाडी चिखलात रुतायची.

आम्ही व्हॉट्सॲपवर शिकायला लागलो. मी ब्रेकमध्ये व्हॉइस मेसेज पाठवायची, ती अंगणवाडीतली पोरं घरी गेली की ऐकायची. 'डिड' आलं की पुढचं क्रियापद मूळचं ठेवायचं, हे तिच्या डोक्यात बसेचना. 'हॅड' मात्र तिला एका झटक्यात कळलं. मी म्हटलं, तू बांधीवर पोचलीस त्याच्या आधीच रोवणा झाला होता, तर त्या 'झाला होता'ला 'हॅड' लागतो. "अस्सं होय! मंग सीधं सांगत जा ना." जुलैत तिनं एक व्हिडिओ पाठवला. बाया ओळीनं वाकून मागं मागं सरकत रोवत होत्या, ताई ओरडत होती, "गो!" आणि अख्खी ओळ ओरडत होती, "वेंट, गॉन!" एका म्हातारीला 'गॉन' म्हणताना इतकं हसू येत होतं की ती बसलीच शेताच्या धुऱ्यावर. तो व्हिडिओ मी इथल्या सगळ्यांना दाखवला. माझी ताई, म्हणून मिरवलं.

पण इथल्या लोकांना मी आणखीही एक गोष्ट सांगत आले होते. ताईला शिकायची आवडच नव्हती, ती शेतीत रमली, अशी. जेवायला कुणाकडे गेले आणि घरचा विषय निघाला की मी हेच म्हणायची. आणि ते धादांत खोटं होतं.

मी सातवीत होते, ताई नववीत. आईचं ऑपरेशन झालं होतं, रोवण्याला हात कमी पडत होते, म्हणून बाबांनी आम्हा दोघींना बांधीत उतरवलं. चार दिवसांत माझ्या पायांना चिखल्या झाल्या. बोटांच्या बेचकीतली कातडी फाटते, रक्त येतं, पाय टेकवत नाही. मी बाबांपुढं पाय पसरून बसले आणि भोकाड पसरलं. बाबा विरघळले. "हे पोरगी कामाची नाही. हिले शाळेतच जाऊ द्या." मग दुसरी कोण राहणार? ताईची शाळा बंद झाली ती कायमची. त्याच सकाळी विहिरीवर पाय धुताना मी ताईचे पाय पाहिले होते. माझ्यापेक्षा वाईट होते. तिनं ते कुणाला दाखवले नाहीत आणि मीही कुणाला सांगितलं नाही. मी काही तान्ही नव्हते, मला सगळं कळत होतं.

पेपरला महिना राहिला तेव्हा मी तिला सरावासाठी निबंध लिहायला सांगितला. तिनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वर लिहिलं होतं, 'द डे माय सिस्टर वेंट'. माझी बहीण एसटीनं गेली. मी स्टॉपवर गेले नाही. मला राग आला होता, कारण मलाही जायचं होतं. पुढं तिनं नववीची पुस्तकं मास्तरांना परत केल्याचं लिहिलं होतं, फाटलेल्या पायांचं लिहिलं होतं. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: 'शी सॉ माय फीट. शी डिड नॉट टेल.' तिनं पाहिलं. तिनं सांगितलं नाही.

मी ते पान दोनदा वाचलं. आणि मी काय केलं असेल? सगळ्या पानात चूक एकच होती, 'डिड नॉट वेंट' लिहिलं होतं. मी त्याखाली लाल रेघ ओढली, 'गो' लिहिलं, वर 'व्हेरी गुड' टाकून पाठवून दिलं.

तिचा मेसेज लगेच आला. आवाज शांत होता. "चूक काढली, बरं केलं. पन ज्याचं उत्तर पायजे होतं, ते नाही देलं तू."

चार दिवस मी फोन उघडला की तिचं नाव बघायची आणि बंद करायची. माफी मागायला मराठी शब्द शोधले तर प्रत्येक शब्दामागं एक 'पण' यायचा. पण मी लहान होते. पण बाबांनी ठरवलं. शेवटी ड्यूटीवर नोंद लिहितात तसं इंग्रजीतच लिहिलं. मी तुझे पाय पाहिले. ते माझ्यापेक्षा जास्त फाटले होते. मी बाबांना सांगितलं नाही. मला शाळेत जायचं होतं, म्हणून मी गप्प बसले. मला याची लाज वाटते. एवढंच. एकही अंदाज नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला. मागं अंगणवाडीतल्या पोरांचा कालवा चालू होता. "वाचलं म्या. राग होताच वं, अजूनई थोडा हाय. पन मले वाटे, तुले आठवतच नसंन. तेच जास्त लागे." मग ती रडली, मीही रडले. पोरं विचारत होती, बाई काहून रडून राहिल्या?

ताई पास झाली. अविस्मरणीय दिवसच आला होता. काय लिहिलंस, विचारलं तर म्हणाली, सहलीचं. कुठली सहल, तू कधी गेलीस? "कायची सहल? मनानंच बनवली. ते आपल्या दोघीतलं मी कायले त्या तपासणाऱ्याले सांगू?" आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "दरसाल दिवाळीले येते तू, धान कापून झाल्यावर, पाहुणीसारखी. औंदा रोवण्याले येशीन?"

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले आम्ही सगळे तिकडच्या चांगल्या दिवसांतच जातो. फराळ असतो, पाहुणचार असतो, कुणी आपल्याला कसलंही काम सांगत नाही. मला वाटायचं, हे प्रेम आहे. प्रेम असेलही, पण परक्या माणसालाही आपण कामाला हात लावू देत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या गावातून कुणीतरी कामावर बोलावलं होतं.

मी जुलैची रजा टाकली. फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. दरवेळी मी तिथं 'सुट्टी' असं लिहायची. या वेळी मॅनेजरबाईंनी फॉर्म वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, हे बरोबर लिहिलंय ना? मी म्हटलं, हो, बरोबर आहे. घरी काम आहे.